शेतकऱ्याची ताकद ५

अकिरा तोरियामांच्या 'ड्रॅगन बॉल' या मंगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, एक शेतकरी आहे. त्याला नाव नाही. आभाळातून काहीतरी येऊन त्याच्या रानात आदळतं, भला मोठा खड्डा पडतो आणि हा बापडा बंदूक घेऊन बघायला जातो. खड्ड्यातून परग्रहावरचा लढवय्या रॅडिट्झ वर येतो. गुडघ्यापर्यंत रुळणारे केस, अंगात चिलखत, एका डोळ्यावर रंगीत काच. ही काच म्हणजे 'स्काउटर'. समोरच्याकडे नुसतं बघितलं की त्याची लढाऊ ताकद आकड्यात दाखवणारं यंत्र. शेतकऱ्याकडे बघून काच सांगते, ५. रॅडिट्झ त्याला कचऱ्यात काढतो. शेतकरी घाबरून गोळी झाडतो, रॅडिट्झ ती हातात झेलतो आणि बोटाने परत उडवतो. संपला शेतकरी. दोन पानांचा धनी.

मला या माणसाबद्दल फार माया आहे. त्याच्या रानात काय पिकत होतं, घरी कोण वाट बघत होतं, काही कळत नाही. कळतो तो आकडा. ही पानं १९८८ सालची. तेव्हापासून जगभरची पोरं, आणि पोरं म्हणवून घेण्याचं वय उलटलेले माझ्यासारखे लोक, त्या पाचाच्या पुढचे आकडे मोजत बसलेत.

माझा भाचा दहावीला आहे. ताटात भाजी कुठली वाढलीय याकडे त्याचं लक्ष नसतं, पण 'वन पंच मॅन'मधला सैतामा 'ड्रॅगन बॉल'च्या नायकाला, गोकूला, हरवेल का, एवढं कुणी विचारायचा अवकाश, गडी घास हातात धरून तासभर बोलतो. "मामा, तू फीट्स बघ ना. नुसतं वाटून काय उपयोग?" फीट म्हणजे पानावर प्रत्यक्ष दाखवलेला पराक्रम. नायकाने डोंगर उचलला, चंद्र फोडला, विजेच्या आधी पोचला, तर ते धरायचं. कुणी नुसतं तोंडाने म्हटलं की 'मी सूर्य विझवीन', तर ते धरायचं नाही. 'अ'ने 'ब'ला हरवलं आणि 'ब'ने 'क'ला, तर 'अ' हा 'क'च्या वर. याला म्हणतात पॉवर स्केलिंग. कोर्टात साक्षीपुरावा तपासतात तितक्या कडकपणे ही पोरं एकमेकांची उलटतपासणी घेतात. माझी बहीण म्हणते, यातला निम्मा जोर बीजगणितात लाव. तिला माहीत नाही, पण दहाचा एकोणतिसावा घात म्हणजे केवढा आकडा हे त्याला शाळेत नाही, इथेच कळलं.

तो हिशेब सांगण्यासारखा आहे. मूळ 'ड्रॅगन बॉल'मध्ये, म्हणजे गोकू अजून शेपूटवालं पोर असताना, म्हातारा गुरू रोशी एका कुस्तीस्पर्धेत हातातून किरण सोडतो आणि चंद्राचे तुकडे करतो. विनोदी प्रसंग आहे. पौर्णिमेचा चंद्र बघून गोकूचं अवाढव्य माकड होतं, म्हणून म्हाताऱ्याने चंद्रच काढून टाकला. पण हिशेबनीस विनोद मानत नाहीत. चंद्राला स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जे बांधून ठेवलंय ते सोडवायला साधारण १.२ गुणिले दहाचा एकोणतिसावा घात एवढे ज्यूल लागतात. सूर्य पाच-सव्वापाच मिनिटांत जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो तेवढी. सगळं जग आज वर्षाला जेवढी ऊर्जा वापरतं त्या दराने ती पुरवायला वीसेक कोटी वर्षं लागतील. पुढे रॅडिट्झचा स्काउटर गोकूची मैत्रीण बुल्मा हिच्या हाती लागतो, ती तो दुरुस्त करून आपल्याच लोकांवर रोखते, आणि रोशीचा आकडा निघतो १३९.

म्हणजे १३९ला चंद्र फुटतो. बंदूकवाला शेतकरी ५. मग असे अठ्ठावीस शेतकरी एकत्र आले तर चंद्राला भोक पडायला हरकत नाही. भाच्याला हे म्हटलं की तो चिडतो. "ते लिनिअर नसतं, मामा!" मग कसं असतं? यावर त्याच्याकडे एक लांबलचक उत्तर आहे आणि त्यात आलेख आहे.

आता माझं म्हणणं सांगतो. तोरियामांनी स्काउटर कुणाच्या डोळ्यावर चढवला ते बघा. रॅडिट्झ, नाप्पा, व्हेजिटा, त्यांचा म्होरक्या फ्रीझा याचे शिपाई. ग्रह रिकामे करून विकणारी टोळी. त्यांना माल तपासायचा असतो, म्हणून यंत्र लागतं. गोकूच्या बाजूचे लोक डोळे मिटून समोरच्याचा अंदाज घेतात, आणि मुख्य म्हणजे त्यांना स्वतःची ताकद दाबून ठेवता येते आणि ऐनवेळी एका जागी आणता येते. म्हणून यंत्र बघणारा दरवेळी फसतो. कोंडून घातलेला गोकूचा चार वर्षांचा पोरगा गोहान रडतोय, आकडा ७१०. बाप मार खातोय हे बघून तो पेटून उठतो तेव्हा १,३०७. रॅडिट्झ काय म्हणतो? यंत्र बिघडलं. खलनायकांचं हे ठरलेलं वाक्य. पुढे व्हेजिटा गोकूचा आकडा बघून आपला स्काउटर मुठीत चुरगाळतो. जपानी मूळात तो आकडा आठ हजारांच्या वर आहे, इंग्रजी डबिंगमध्ये नऊ हजार झाला आणि त्या 'नऊ हजार'वरच्या विनोदाला इंटरनेटवर अजून मरण नाही. नामेक ग्रहावर फ्रीझा स्वतःच आपला आकडा सांगतो, ५ लाख ३० हजार. त्यानंतर तो रूप बदलतो, दहा लाखांच्या वर जातो, आणि पुढे मूळ मालिकेत आकडे आटतातच. कानावरचे स्काउटर फुटून गेलेले असतात. सुपर सैयान या सोनेरी केसांच्या रूपातल्या गोकूचे १५ कोटी आणि फ्रीझाचे १२ कोटी हे जे सगळीकडे फिरतं, ते नंतर निघालेल्या एका मार्गदर्शक पुस्तकातलं आहे. गोष्टीतलं नाही.

फ्रीझाचं शरीर यंत्रांनी जोडूनतोडून त्याला पृथ्वीवर आणतात तो भाग आठवा. समोर एक अनोळखी पोरगा, पाठीला तलवार. शिपाई स्काउटरमधून बघतो आणि हसतो. ५. बरोबर त्या शेतकऱ्याचाच आकडा. पुढच्या काही पानांत शिपायांचा फडशा पडतो आणि फ्रीझाचे उभे दोन तुकडे होतात. तोरियामांनी तो पाच मुद्दाम पुन्हा काढला असणार याबद्दल मला शंका नाही. मोजणाऱ्यांची इतकी सरळ थट्टा करूनही आपण काय केलं, तर खलनायकाच्या डोळ्यावरची काच काढून आपल्या डोळ्यावर चढवली.

आकडे का फुगले, याचं उत्तर गोष्टीच्या बाहेर आहे. 'शोनेन जंप' हे साप्ताहिक. वाचक दर आठवड्याला आवडत्या गोष्टींना मतं देतात आणि त्यावर कुठली मालिका ठेवायची, कुठली काढायची हे ठरतं. १९९५च्या सुरुवातीला या साप्ताहिकाचा खप ६५ लाख ३० हजारांवर गेला होता. अशा वेळी खपणारी गोष्ट संपवू देतो कोण! मग कालच्या शत्रूपेक्षा आजचा शत्रू मोठा हवा, त्याच्यापेक्षा उद्याचा. तोरियामा काही आधी आराखडा आखून बसणाऱ्यांतले नव्हते. फ्रीझानंतर त्यांनी यंत्रमानव आणले, एक म्हातारा आणि एक जाड्या. त्यांचे जुने संपादक तोरिशिमा यांनी नाक मुरडलं. मग आली १७ आणि १८ नंबरची तरुण जोडी. तीही संपादकांच्या पसंतीस उतरेना, मग सेल नावाचा खलनायक. सेलचं दुसरं रूप बेंगरूळ दिसतं अशी कुरकुर झाली म्हणून तिसरं, देखणं. म्हणजे विश्वातला सर्वांत ताकदवान प्राणी कोण, हे संपादकाच्या फोनवर ठरत होतं.

सुपर सैयानचे सोनेरी केस तर मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत गोड गोष्ट वाटते. मंगा काळा-पांढरा. गोकूचे केस काळे, म्हणजे दर चौकटीत शाई भरत बसायचं, आणि हे काम मदतनिसाच्या बोकांडी. केस सोनेरी केले की कागद कोराच ठेवायचा. हजार वर्षांतून एकदा जन्मणारा दंतकथेतला योद्धा असा शाईच्या बचतीतून जन्माला आला. हे खुद्द तोरियामांनी सांगितलंय. मार्च २०२४मध्ये ते गेले तेव्हा आमच्या घरात दोन पिढ्या एकाच वेळी गप्प होत्या. माझ्या आईला वाटलं आमच्या ओळखीतलं कुणी गेलं.

अमेरिकन बाजूला मामला वेगळा आहे. तिथे नायक लेखकाच्या मालकीचा नसतो, कंपनीचा असतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन पोरांनी सुपरमॅन १३० डॉलरला विकला. १९३८च्या पहिल्या अंकातला सुपरमॅन उडत नाही. एका उडीत दोनशे मीटर जातो, वीस मजली इमारत ओलांडतो, आगगाडीच्या पुढे पळतो, आणि फुटत्या तोफगोळ्याखेरीज त्याच्या कातडीतून काही आरपार जात नाही. हे शक्य कसं, तर मुंगी आपल्या कितीतरी पट वजन उचलते आणि टोळ केवढी उडी मारतो, बघा, असं पानावरच समजावून दिलंय. तो सुपरमॅन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धुतो, लाच देणाऱ्या दलालाला तारांवरून पळवतो. मंदीचे दिवस होते. सीगलचे वडील १९३२मध्ये आपल्याच दुकानात चोर शिरले त्या रात्री वारले. गोळी न लागणारा माणूस त्या पोराला का सुचावा, याचं उत्तर अनेक जण तिथे शोधतात. मलाही ते पटतं.

मग १९४१मध्ये फ्लायशर स्टुडिओने त्याच्यावर कार्टूनपट काढले. टणाटण उड्या मारणारा माणूस पडद्यावर हास्यास्पद दिसेल, म्हणून त्याला उडवलं. साठच्या दशकात तो ग्रह ढकलू लागला. १९८६मध्ये जॉन बर्न यांनी त्याची सगळी चरबी उतरवून पुन्हा माणसात आणला. २००५मध्ये ग्रँट मॉरिसन यांनी त्याला २०० क्विंटिलियन टन उचलायला लावले, म्हणजे साधारण अडीच चंद्र. त्या गोष्टीत इतकी ताकद आली ती सूर्याची ऊर्जा प्रमाणाबाहेर पेशींत शिरल्यामुळे, आणि त्यानेच तो मरायला टेकलाय. तर मग भाच्याला मी विचारतो की गोकूसमोर उभा करायचा तो सुपरमॅन कुठला? उडी मारणारा, ग्रह ढकलणारा, की आजारी?

मार्व्हल कंपनीने तर १९८०च्या दशकात आपल्या नायकांची सरकारी दप्तरासारखी नोंदवहीच छापली. स्पायडरमॅन १० टन. थॉर आणि हल्क 'क्लास १००', म्हणजे शंभर टन आणि त्यापुढे. तेवढ्यात १९८४मध्ये 'सीक्रेट वॉर्स'च्या मुखपृष्ठावर हल्क १५० अब्ज टनांची डोंगररांग खांद्यावर तोलून उभा. नोंदवही गेली बाराच्या भावात. हल्कला आकडा लावणं मुळात चूकच आहे, कारण तो जितका चिडेल तितकी त्याची ताकद वाढते आणि तिला वरची मर्यादा नाही.

पण मला सांगा, ते १५० अब्ज टन बघून कुणाच्या अंगावर काटा येतो? माझ्या तरी नाही. काटा येतो तो १९६६च्या स्पायडरमॅनच्या तेहतिसाव्या अंकात. स्टीव्ह डिट्को यांची चित्रं. पाण्याखालचा अड्डा कोसळतोय, स्पायडरमॅन एका अगडबंब यंत्राखाली सापडलाय. छतातून पाणी गळतंय. मे काकूंचा जीव वाचवणारं औषध समोर, हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर जमिनीवर पडलंय. आधी लहान लहान चौकटी. तो जोर लावतो, यंत्र हलत नाही. पुन्हा लावतो. पाणी वाढतं. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात, आणि पान उलटलं की अख्ख्या पानावर तो उभा, दोन्ही हात वर, यंत्र बाजूला कलंडलेलं, चहूकडे पाण्याचे लोट. त्या यंत्राचं वजन किती होतं कुणी सांगत नाही. आकडा सांगितला असता तर सगळी मजा गेली असती. दहा टन उचलू शकणाऱ्याला साडेनऊ टन म्हणजे कसरत, पण साडेदहा टन झाले की तिथे गोष्ट सुरू होते. वाचकाला ताकद जाणवते ती या वरच्या अर्ध्या टनात. अडीच चंद्र आणि डोंगररांगा छापणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही, पण डिट्कोसारखी आठ-दहा चौकटी वाट बघायला लावण्यापेक्षा आकड्यापुढे शून्य वाढवणं सोपं पडतं.

आकडे नव्हते तेव्हा लोक जनावरं मोजत. आमच्या घरी वडिलांचा 'इंद्रजाल कॉमिक्स'चा गठ्ठा होता, त्यातला वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम. त्याच्यात दहा वाघांचं बळ, अशी जंगलातली जुनी म्हण. वेताळाला कसलीही अलौकिक शक्ती नाही, तो साधा माणूस आहे, पण लहानपणी आम्ही त्या दहा वाघांवर आकडेमोड करायचो: भीमाचे दहा हजार हत्ती, वेताळाचे दहा वाघ, तर एका हत्तीला किती वाघ धरायचे? याला हसू नका. जेम्स वॉटने इंजिनाची ताकद घोड्यांत सांगितली ती याच धर्तीवर. गिऱ्हाईकाकडे घोडे होते, त्याला इंजिन विकायचं होतं.

आणि भीमाचा विषय निघालाच आहे तर महाभारतातला स्काउटर सांगायलाच हवा. उद्योगपर्वात युद्धाच्या तोंडावर दुर्योधन भीष्मांना विचारतो की आपल्यात आणि त्यांच्यात रथी किती, अतिरथी किती, सांगा. भीष्म एकेकाची प्रतवारी लावत जातात. हा रथी, हा अतिरथी, हा महारथी. कर्णाशी येऊन थांबतात आणि म्हणतात, हा अर्धरथी. कवचकुंडलं गेलेली, परशुरामांचा शाप बसलेला. द्रोणही मान डोलावतात. कर्ण असा भडकतो की भीष्म जिवंत आहेत तोवर मी शस्त्र उचलणार नाही, असं सांगून मोकळा होतो, आणि पहिले दहा दिवस कौरवांचा एक हुकमी एक्का डावाबाहेर. नुसत्या प्रतवारीने! त्याच बैठकीत भीष्म शिखंडीलाही चांगला रथी म्हणून मोजतात, आणि लगेच सांगतात की याच्यावर मी बाण टाकणार नाही. पुढे काय झालं ते आपल्याला पाठ आहे. अर्जुन आणि शिखंडी यांची ताकदीत तुलना होऊच शकत नाही, पण भीष्मांना पाडायचं तर शिखंडी पुढे लागला.

मोजणी मागणारा दुर्योधनच, याची मला गंमत वाटते. गीतेच्या पहिल्या अध्यायात, अर्जुनाच्या हातातून धनुष्य गळण्याच्या आधी, हाच दुर्योधन द्रोणांपुढे पुन्हा दोन्हीकडच्या वीरांची यादी वाचतो. अकरा अक्षौहिणी याच्या, सात त्यांच्या. फ्रीझाच्या पंगतीत त्याला पाट मांडून द्यायला हरकत नाही. उलट भीमाला वनपर्वात वाटेत आडवं पडलेलं एक म्हातारं वानर भेटतं आणि दहा हजार हत्तींच्या बळाला त्याची शेपूट उचलत नाही. (गोकूचं नाव, शेपूट, काठी आणि ढग ज्या चिनी वानरराजाकडून आलेत, त्याचं मूळ हनुमानात असावं असा तर्क हू शी या चिनी विद्वानाने केला होता, लेखक लू शुनला तो पटला नव्हता. तर्क खरा धरला तर गोकू भीमाचा भाऊबंद निघतो.)

'अ'ने 'ब'ला हरवलं, 'ब'ने 'क'ला, ही साखळी तोडायचं काम 'वन पीस' या चाच्यांच्या मंगात त्याचे कर्ते ओदा फार मजेने करतात. एनेल हा आभाळातला देव, अंगच विजेचं, वीस कोटी व्होल्ट सोडणारा. सगळा प्रदेश त्याच्या धाकात. गोष्टीचा नायक लुफी समोर येतो, एनेल त्याच्यावर वीज टाकतो. काही होत नाही. पुन्हा टाकतो. लुफी तसाच. कारण लुफी रबराचा आहे. त्या क्षणीचा एनेलचा चेहरा ज्याने बघितला तो विसरत नाही: डोळे खोबणीतून बाहेर, जबडा लोंबतोय, देवपणाची पार माती. लुफीला हरवू शकणारे कितीतरी जण एनेलपुढे कोळसा झाले असते. याच ओदांनी प्रत्येक चाच्याच्या डोक्यावर इनाम लावलंय, आणि वाचक त्या रकमा ताकद म्हणून वाचतात. म्हणून त्यांनी चॉपर या जहाजावरच्या डॉक्टर-रेनडिअरवर इनाम ठेवलं अवघे ५० बेरी. सरकारला तो पाळीव प्राणी वाटला.

भाच्याचा सैतामा या सगळ्याच्या पलीकडचा. 'वन पंच मॅन' वन या टोपणनावाच्या माणसाने २००९मध्ये वेबवर स्वतःच काढायला घेतलं, चित्रं अगदी वहीच्या मागच्या पानावर काढतात तशी. नंतर युसुके मुराता यांनी ते पुन्हा देखणं करून काढलं. सैतामा रोज शंभर जोर, शंभर उठाबशा, शंभर सिटअप आणि दहा किलोमीटर धावणं, असं तीन वर्षं करतो. केस गळतात आणि कुणालाही एका ठोशात संपवण्याची ताकद येते. आता त्याला करायला काही उरलं नाही. राक्षस शहर पाडत असतो आणि याला चिंता सुपरमार्केटमधला सेल चुकला याची. दर आठवड्याला ताकद फुगवत नेणाऱ्या कारखान्याला यापेक्षा नेमका टोला कुणी मारलेला मला माहीत नाही. भाचा हे ऐकून घेतो, मान हलवतो आणि म्हणतो, "हो, पण ग्रह गिळणाऱ्या गॅलेक्टसला एका पंचमध्ये पाडेल का?"

ही मतामतांची मारामारी कंपन्यांनी एकदा खरंच मतदानाला टाकली. १९९६मध्ये मार्व्हल आणि सुपरमॅनवाली डीसी यांनी मिळून चार अंक काढले आणि त्यातल्या पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर सोडला. सुपरमॅनने हल्कला हरवलं, बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला, स्टॉर्मने वंडर वूमनला, स्पायडरमॅनने सुपरबॉयला. हे एक वेळ ठीक. पण वुल्व्हरिनने लोबोला हरवलं! लोबो हा सुपरमॅनशी दोन हात करणारा गडी. वुल्व्हरिन त्याच्यापुढे किस झाड की पत्ती. मतं मात्र वुल्व्हरिनला. आता हे चित्रात दाखवायचं कसं? लेखकांनी शक्कल काढली. दोघे बारमध्ये मारामारी करत काउंटरच्या मागे पडतात, आपल्याला काही दिसत नाही, आणि थोड्या वेळाने वुल्व्हरिन तेवढा वर येतो, तोंडात चिरूट. सगळ्या पॉवर स्केलिंगच्या इतिहासात मला ही चौकट सर्वांत प्रामाणिक वाटते.

तोरियामांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. 'ड्रॅगन बॉल'च्या आधी ते 'डॉक्टर स्लम्प' काढत. त्यात अराले नावाची चष्मेवाली यंत्रपोरगी, गंमत म्हणून ठोसा मारून पृथ्वीचे दोन भाग करणारी. शिवाय त्यात सुप्पामॅन नावाचा एक ढेरपोट्या, खारवलेली आंबट उमेबोशी खाऊन सुपरमॅनगिरी करणारा फुसका माणूस होता. पुढे 'ड्रॅगन बॉल सुपर'च्या एका भागात अराले येते, व्हेजिटाला लांब भिरकावते, आणि व्हेजिटा कबूल करून टाकतो की विनोदी मंगातल्या पात्राशी लढून जिंकता येत नाही.

तरीही माझं मत मागाल तर देतो, लेखकाला हवा तो जिंकतो असं म्हणून सुटणाऱ्यांतला मी नाही. गोकू विरुद्ध सुपरमॅन. सुपरमॅनला बळ देणारा पिवळा सूर्य आहे, त्याला दुबळं करणारा क्रिप्टोनाइट खडा नाही. सुपरमॅन जिंकेल. 'डेथ बॅटल' या वेबमालिकेनेही हाच निकाल एकाहून जास्त वेळा दिला आणि गोकूवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं, पण त्यांचा हिशेब ऊर्जा आणि वेगाचा होता. माझा तो नाही. गोकूला जिंकायचं नसतं. त्याने व्हेजिटाला जिवंत जाऊ दिलं, मरणाऱ्या फ्रीझाला स्वतःची ऊर्जा दिली, सेल दमला म्हणून त्याला ताजंतवानं करणारा दाणा खाऊ घातला. २०१५च्या सिनेमात तो सुपर सैयानच्याही पुढच्या रूपात असताना बेसावध होता, आणि फ्रीझाच्या एका किरकोळ चाकराने अंगठीतल्या किरणाने त्याला आडवा केला. असा माणूस पहिल्या लढतीत हरणारच. हरल्यावर उठेल, अंग झटकेल, पोटभर जेवेल आणि विचारेल, पुन्हा कधी?

"मग दुसऱ्या वेळी?" भाचा विचारतो.

दुसऱ्या वेळी गोकू. पण ती लढत ठरणार सुपरमॅनच्या सवडीने. त्याला सोमवारी 'डेली प्लॅनेट' वर्तमानपत्राच्या ऑफिसात हजर व्हायचं असतं.